कोकणच्या पावसात सेडान पंधरा वर्षं चालवायची तर

आमची मारुतीची सियाझ २०१५ ची. एमएच-०८ पासिंग, १.४ लिटर पेट्रोल, पाच गिअरची. दहा वर्षं उलटली, रीडिंग दीड लाखाच्या आसपास आलंय आणि पंधरा वर्षांचं पासिंग संपेपर्यंत तरी ती आमच्या दारातून हलणार नाही. शाळेतल्या मैत्रिणी, शेजारी, नात्यातली नुकतीच लग्न झालेली मुलं विचारत असतात, की एवढी जुनी गाडी अजून अशी कशी चालते, आणि आता जुनी सेडान घ्यावी का. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून काढलंय. होंडाची सिटी किंवा ह्युंदाईची व्हर्ना असेल तरी यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी मुद्द्याचं. या वर्गातल्या पेट्रोल गाडीचं इंजिन सहसा दगा देत नाही. ऑइल वेळेवर बदललं तर दोन लाखांच्या पुढेही ते शांतपणे चालतं. सियाझच्या पेट्रोल इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायची कटकटही नाही. गाडी म्हातारी होते ती रबरापासून, खालच्या पत्र्यापासून आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या ब्रेक ऑइल, कुलंटपासून. आमचे मेकॅनिक काका पहिल्या पावसाळ्यापासून हेच सांगत आलेत, "बाई, इंजिनाला काय होत नाही. खालचा पत्रा आणि रबर तेवढं सांभाळा." बॉनेट उघडून बघणारे खूप असतात, चाकामागे वाकून बघणारे कमी. मला वाटतं, गाडी टिकते ती या वाकून बघण्यामुळे.

आम्ही राहतो चिपळूणला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तांबडी माती, दमट हवा. माझं माहेर कराडचं, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. घरात पाच माणसं, त्यात सासूबाईंचे गुडघे दुखरे. मे महिन्यात डिकीत हापूसच्या पेट्या भरून कराड-पुण्याला जायचं. ५१० लिटरची डिकी आणि २६५० मिलिमीटरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, यामुळे मागच्या सीटवर पाय पसरता येतात, म्हणून ही गाडी घेतली. सेडान खाली असते, त्यामुळे सासूबाईंना चढता-उतरताना त्रास होतो हेही खरं. त्यांनी आधी सीटवर बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, अशी सवय लावून घेतली तेव्हा तो बराच कमी झाला. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी गाडी घेण्याआधी त्यांना शोरूममध्ये नेऊन बसवून, उतरवून बघावं. हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

मे महिन्यातलं काम

वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस सर्व्हिसिंगचा नाही, मृगाच्या आधीचा आहे. पावसाळा सुरू झाला की गाडी चार महिने पुरती वाळतच नाही. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात ही कामं उरकून घ्यायची.

गाडी रॅम्पवर किंवा लिफ्टवर चढवून खालून प्रेशरनं धुवायला लावा. नुसती वरून फेसानं धुतलेली नको. चाकांच्या कमानीत, म्हणजे मडगार्डच्या आतल्या कडेला, तांबडी माती साचून बसते आणि ती ओल धरून ठेवते. गंज तिथूनच सुरू होतो. धुतल्यावर गाडी दोन दिवस कडक उन्हात उभी करा आणि मग टॉर्च घेऊन खाली बघा. चेसिसच्या वेल्डचे जोड, सायलेन्सरचे हँगर, मागच्या सस्पेन्शनचा आडवा बीम, जॅक लावायची जागा. काळ्या कोटिंगला पापुद्रे आले असतील तर तिथला सैल झालेला भाग खरवडून, गंज घासून, प्रायमर मारून मग कोटिंग करायचं. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर नुसतं अंडरकोटिंग फवारलं तर आत पाणी कोंडतं आणि पत्रा आधीपेक्षा लवकर सडतो. घाईत काम उरकणाऱ्याकडे हे देऊ नका, समोर उभं राहून करून घ्या.

मग दारं. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला आतून पाणी निघायला बारीक भोकं असतात. काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती बुजली की पाणी दारातच साठतं, दार आतून गंजतं आणि एके दिवशी रंगाला फोड येतो. तो फोड बाहेर दिसला म्हणजे पत्रा आतून कधीच गेलेला असतो. मी खराट्यातली हिराची एक काडी घेते, ओली करते आणि एकेका भोकात घालून हलक्या हातानं फिरवते. आधी थोडी माती येते, मग काळपट चिखल आणि कधीकधी पिंपळाच्या मुळासारखं काहीतरी तंतुमय. शेवटी वरून काचेवर तांब्याभर पाणी सोडायचं. भोकातून धार लागली की ते दार झालं. लोखंडी तार घालू नका, आतला रंग खरवडला जातो.

तसंच काम वायपरखालच्या जाळीचं. काच आणि बॉनेट यांच्यामधल्या त्या खोबणीत आंब्याची, बकुळीची पानं कुजून बसतात, पाणी जायची वाट बंद होते आणि मग ते एसीच्या हवेच्या वाटेनं आत येतं. डाव्या बाजूला पायाखालचं कार्पेट ओलं लागायला लागलं तर दोन कारणं बघायची, ही खोबणी आणि एसीच्या पाण्याची नळी. एसी चालू असताना उभ्या गाडीखाली पाण्याचे थेंब पडायला हवेत. पडत नसतील तर नळी तुंबली आहे. हवेचा हलका झोत मारून ती पाच मिनिटांत मोकळी होते.

रबराचं बघताना दारांच्या आणि डिकीच्या कडेची बीडिंग बोटानं चेपा. चेपलेली परत वर आली तर ठीक, कडक होऊन तशीच राहिली तर बदला. डिकीतली चटई उचलून स्टेपनीचा खड्डा बघा. आमच्याकडे कितीतरी गाड्यांच्या स्टेपनीखाली पावसाळाभर पाणी असतं आणि मालकांना पत्ताच नसतो.

वायपरची रबरं दर मे महिन्यात नवी घ्या, जुनी चालत असली तरी. परशुराम घाटात रात्री समोरून ट्रकचे दिवे येत असताना काचेवर एक पट्टा पुसायचा राहतो तेव्हा त्या चार-पाचशे रुपयांची किंमत कळते.

पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात. तंबाखूची पुरचुंडी बांधून इंजिनजवळ ठेवली तर फरक पडतो, पण ती दर आठवड्याला ताजी हवी, वास गेला की उपयोग नाही. पट्ट्यांपासून, फॅनपासून लांब बांधा. गाडीत खाऊचे पुडे ठेवू नका. केबिन फिल्टर महिन्यातून एकदा काढून बघा, त्यांना घरट्यासाठी तीच जागा आवडते.

आत बुरशी धरू नये म्हणून ऊन पडेल त्या दिवशी चारही काचा खाली करून चटया बाहेर काढायच्या. ओली छत्री मागच्या सीटखाली ठेवून देणं हा आमच्या घरात गुन्हा आहे.

घाट

कुंभार्लीतून उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सोडायची आणि इंजिनालाच वेग धरू द्यायचा. ब्रेकवर पाय ठेवून सलग उतरलं की पॅड तापतात, ब्रेक ऑइल तापतं. आता ब्रेक ऑइलचा स्वभाव असा, की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कोकणात हवेत पाणीच पाणी. पाणी शिरलेलं ऑइल लवकर उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. म्हणून गाडी फिरो न फिरो, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. बाटलीतून वरची पातळी भरणं म्हणजे बदलणं नाही. चारही चाकांचे निपल, म्हणजे ब्रेकजवळच्या ऑइल सोडायच्या बारीक तोट्या, उघडून जुनं काळपट ऑइल निघून स्वच्छ येईपर्यंत काढायला सांगा. कामाचे जेमतेम हजारभर रुपये होतात. माझ्या मते कुटुंबाची गाडी घाटातून नेणाऱ्यानं यात एक पैशाची काटकसर करू नये.

सियाझला मागे डिस्क नाहीत, ड्रम आहेत. पुढचे पॅड सगळे बघतात, मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, विसरतात. दर वीस हजारांना ड्रम उघडून भुकटी साफ करून लायनरची जाडी बघून घ्या. हँडब्रेक नेहमीपेक्षा जास्त वर ओढावा लागायला लागला की ते करायची वेळ झाली. पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागा असेल तर गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा.

चढणीवर रांग लागली की क्लच अर्धा दाबून गाडी धरून ठेवायची सवय अनेकांना असते. ती मोडा. हँडब्रेकवर गाडी धरायची, सुटताना क्लच-ॲक्सिलरेटर जुळवून हँडब्रेक सोडायचा. आमची क्लच प्लेट लाखभर किलोमीटर गेली ती एवढ्यामुळेच. बदलायची वेळ आल्याची खूण सोपी आहे. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरीच मोठी असते, ती दोनदा कशाला द्यायची.

टायरच्या बाबतीत कायद्यानं खोबण १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. कोकणच्या पावसाला ती पुरत नाही. मी ३ मिलिमीटरला टायर काढते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. नवे म्हणून घेतलेले टायर दुकानात पडून राहिलेले नाहीत ना, हे पैसे देण्याआधी बघा. सहा वर्षं झाली की खोबण शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. आमच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ मापाचे लागतात, वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६. आपली १५ इंची गाडी असेल तर दिसायला छान म्हणून १६ इंचीवर जाऊ नका. कडेची उंची कमी होते आणि आपल्या खड्ड्यांत रिम वाकते. हवेचं प्रेशर ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, ते सकाळी टायर थंड असताना भरायचं. पंपावरचा माणूस सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतो, त्याला आपला आकडा सांगायचा.

खालचा आवाज

मुंबई-गोवा महामार्गावर इतकी वर्षं जे खड्डे होते ते गाडीच्या सस्पेन्शननं सोसले. सत्तर-ऐंशी हजारांनंतर पुढून खटखट येणं ठरलेलं आहे. ऐकल्याबरोबर शॉकॲब्झॉर्बर बदलायला तयार होऊ नका. सगळ्यात आधी लिंक रॉड (सस्पेन्शनला जोडणारी बारीक दांडी), मग लोअर आर्मचे बुश (चाकाच्या खालच्या आर्मच्या जोडातली रबरं), मग शॉकॲब्झॉर्बरच्या वरच्या टोकाची माउंटिंग. हे तिन्ही स्वस्त आणि शॉकॲब्झॉर्बर महाग. आवाज ओळखायचा एक मार्ग असा. छोट्या छोट्या खडबडीतून हळू जाताना कोरडी टकटक आली तर बहुतेक लिंक रॉड. स्पीडब्रेकरवरून उतरताना एकच ठोका बसला तर बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना वरून करकर आली तर माउंटिंग. शॉकॲब्झॉर्बर गेला असेल तर त्याच्या अंगावर तेलाचा ओला थर दिसतो आणि बॉनेटचा कोपरा दाबून सोडला की गाडी एकदोनदा नाही, तीनचारदा हलते. बदलायचे झाले तर जोडीनंच बदला. खालचं काहीही उघडलं की त्यानंतर अलाइनमेंट करायचीच.

ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर आहे, पण व्हीलबेस लांब असल्यामुळे पाच माणसं आणि भरलेली डिकी असली की उंच स्पीडब्रेकरला पोट घासतं. अशा वेळी गाडी किंचित तिरकी घालून एकेक चाक चढवायचं. जड पेट्या डिकीच्या तोंडाशी न ठेवता मागच्या सीटला चिकटवून ठेवा.

पाणी भरलं तर

हे मी चिपळूणची म्हणून जरा सविस्तर लिहिते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमची गाडी चढावर होती म्हणून वाचली. दिरांची गाडी बाजारपेठेजवळ डॅशबोर्डपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर गल्लीतले लोक आपापल्या गाड्या चालू करून बघत होते. दिरांनी चावीला हात लावला नाही आणि त्यांचं इंजिन वाचलं.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पहिला नियम, बुडालेली गाडी चालू करायची नाही, इग्निशनसुद्धा नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, दहा नंबरच्या पान्यानं निघते. पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याची चिखलरेघ आणि नंबर प्लेट एकत्र दिसतील असे फोटो काढा. साफसफाई सुरू करायच्या आधी विमा कंपनीला कळवा. गाडी ओढून न नेता फ्लॅटबेडवर, म्हणजे पूर्ण गाडी चढवून नेणाऱ्या ट्रकवर, न्या.

गॅरेजमध्ये सगळ्यात आधी डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, बघायला सांगा. ऑइल दुधाळ दिसलं किंवा पातळी वर गेलेली असली तर आत पाणी गेलंय. मग प्लग काढून, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हीचं ऑइल काढून टाकून, एअर फिल्टर बदलून, इंजिन हातानं फिरवून बघितल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. सीटा काढून कार्पेट उचलायला लावा. त्याच्याखाली जाड नमदा असतो. तो आठ-आठ दिवस पाणी धरून ठेवतो आणि फरशीचा पत्रा वरून कोरडा दिसत असताना खालून सडत असतो. दिरांनी तो नमदा काढून गच्चीवर वाळत टाकला होता.

विम्याचं एक ध्यानात ठेवा. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान मिळतं, पण पाणी शिरल्यावर स्टार्टर मारून इंजिन गेलं तर तो दावा बहुतेक वेळा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर असतं. नदीकाठच्या, खाडीकाठच्या गावात राहणाऱ्यानं ते घ्यावंच, गाडीच्या वयाला मिळत असेल तोवर.

रस्त्यावर पाणी असेल आणि ते चाकाच्या मध्याच्या वर असेल तर जायचं नाही, मागून कितीही हॉर्न वाजोत. कमी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारखा ॲक्सिलरेटर ठेवून, न थांबता. बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक मारून लायनर वाळवा. मध्येच बंद पडली तर परत चालू करू नका, ढकलून बाहेर काढा.

वही आणि पैसे

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक शंभरपानी वही आहे. तारीख, रीडिंग, काय काम, कुठला पार्ट, किती पैसे. ब्रेक ऑइल कधी बदललं, बॅटरी कधी घेतली हे लक्षात राहत नाही, वहीत राहतं. पेट्रोलही लिहिते. टाकी फुल ते फुल असा हिशेब केला की मायलेज कळतं. कागदावर या इंजिनाचं मायलेज लिटरला २०.७३ किलोमीटर होतं. आम्हाला गावात चौदा-पंधरा आणि लांबच्या रस्त्याला अठरा मिळतं. हा आकडा एकदम दोननं पडला तर टायरची हवा, एअर फिल्टर, चिकटलेला ब्रेक, या क्रमानं बघायचं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून थोडा फरक सगळ्यांनाच जाणवतो. आमच्यासारख्या २०२३ च्या आधीच्या गाड्या त्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि त्यांचे जोड प्रत्येक सर्व्हिसिंगला बघून घ्या. चीर किंवा ओलसरपणा दिसला तर लगेच बदला, आणि टाकीत तेच पेट्रोल महिनोन् महिने पडून राहू देऊ नका.

वॉरंटी संपल्यावर मी दरमहा अडीच हजार रुपये गाडीच्या नावानं वेगळे टाकते. काही महिने त्याला हातही लागत नाही, मग एका वर्षी टायर, बॅटरी आणि क्लच एकदम येतात आणि तेव्हा ते पैसे तयार असतात. पैसे नाहीत म्हणून काम पुढे ढकललं की एका बुशचा खर्च टायरपर्यंत जातो.

सर्व्हिसिंग दर दहा हजारांना किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. घाट, धूळ आणि छोट्या फेऱ्या जास्त असतील तर मी ऑइल साडेसात हजारांनाच बदलते. ऑइलचा ग्रेड पुस्तिकेत आहे तोच घ्या, जाड ऑइल जुन्या गाडीला बरं असं कुणी सांगितलं तरी. इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन अशी लांबलचक यादी पुढे आली तर एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा, "हे आत्ता का करायचं?" समाधानकारक उत्तर आलं तर करा. जुना काढलेला पार्ट परत मागा, तो मिळायलाच हवा.

बॅटरीला एक मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट, चालू गाडीला १३.८ ते १४.४. सकाळी १२.२ च्या खाली दिसायला लागलं की पाऊस सुरू व्हायच्या आधी बॅटरी बदलून टाका.

जुनी घेत असाल तर

सियाझ ऑक्टोबर २०१४ मध्ये आली आणि एप्रिल २०२५ मध्ये कंपनीनं ती बंद केली. बंद झालेली गाडी घ्यावी का, हे मला अलीकडे सगळ्यात जास्त विचारलं जातं. इंजिनाची काळजी नको. १.४ पेट्रोल जुन्या अर्टिगात होतं, १.३ डिझेल स्विफ्ट-डिझायरमध्ये होतं, आणि २०१८ नंतरचं १.५ पेट्रोल अर्टिगा, ब्रेझात गेलं. त्यांचे पार्ट गावोगाव मिळतात. अडचण पुढेमागे येईल ती फक्त याच गाडीचं जे आहे त्याची, म्हणजे हेडलाइट, टेललाइट, बंपर, दारांची बीडिंग. दारांची बीडिंग आणि बाहेरच्या आरशांच्या काचा मी आत्ताच घेऊन ठेवल्यात.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा. थंड इंजिनाचा पहिल्या काही सेकंदांचा आवाज बरंच सांगतो. चेनची खडखड आली आणि थांबलीच नाही तर ती गाडी सोडा. मग डिकीची चटई उचला, पुढच्या कार्पेटखाली हात घाला, सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा. पुरात बुडालेल्या गाडीचं सगळं धुतलं जातं, पण पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाचा पिवळसर डाग राहतो. सीटच्या लोखंडी रुळांवर आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज असेल तर विकणारा काहीही सांगो, गाडी पाण्यात होती.

१.५ पेट्रोल स्मार्ट हायब्रिड, म्हणजे इंजिनाला छोट्या इलेक्ट्रिक मोटरची जोड असलेली, बघत असाल तर तिच्या रिकॉलचं विचारा. ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या सियाझ, अर्टिगा, ब्रेझा वगैरे मिळून १,८१,७५४ पेट्रोल गाड्या कंपनीनं सप्टेंबर २०२१ मध्ये मोटर जनरेटर युनिट, म्हणजे तीच मोटर, तपासायला परत बोलावल्या होत्या. चेसिस नंबर देऊन ते काम झालंय का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कळतं. तिथेच सर्व्हिसचा इतिहासही मागा आणि त्यातली रीडिंग मीटरशी ताडून बघा.

चालवून बघताना सपाट रस्त्यावर समाधान मानू नका. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये क्लच बघा, उतारावर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं का बघा, खडबडीत रस्त्यावर एसी-टेप बंद करून कान लावा. सोबत आपला मेकॅनिक असला तर उत्तम, त्याला त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या.

कागदांमध्ये आरसी, विमा, पीयूसी, आणि कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र बघा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलेली आहे का ते पाहा. पंधरा वर्षं पूर्ण होताना तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून मिळते आणि आपल्या राज्यात पर्यावरण कर भरावा लागतो, म्हणून नोंदणीला किती वर्षं उरलीत ते भाव करताना बोला. व्यवहार झाला की १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, तेव्हा विम्याचा हप्ता आपल्या नावानं किती बसेल हे गाडीची किंमत ठरवण्याआधी विचारून घ्या.